सी.आर. झाले, पण कशातली?

तळेगाव ढमढेरे,
श्रावण, दुसरा सोमवार, १९९२

तीर्थरूप मामांच्या पायांवर हर्षदाचा डोकं टेकवून नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? दौंडात पाऊस आहे की नुसतंच आभाळ? इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, मी सोडून. मला काय झालंय ते माझं मलाच नीट सांगता येत नाही. आजारी नाही. निवडून आले आहे.

झालं असं, की शिरूरच्या आमच्या कॉलेजात एस.वाय.बी.ए.च्या वर्गाचा प्रतिनिधी निवडायचा होता. (क्लास रिप्रेझेंटेटिव्ह असं त्याचं लांबलचक नाव आहे, पण सगळे सी.आर. म्हणतात. ही दोन अक्षरं लक्षात ठेवा, सगळा घोळ त्यांनीच केलाय.) मारुतराव बागायतदारांचा सत्यजीत उभा होता. त्यांच्या घरात सोसायटीपासून दूधसंघापर्यंत कुठल्या ना कुठल्या खुर्चीवर कुणीतरी बसलेलं असतंच, त्यामुळे निवडणूक म्हटली की डमी अर्ज भरायचा हे त्यांच्याकडे लहान पोरालाही ठाऊक. डमी मी. मलाच का, असं विचारलं तर म्हणाला, तू कुणाच्या गटात नाहीस आणि तू निवडून यायची काही भीती नाही. मला राग यायला हवा होता, पण खरंच होतं म्हणून मी सही केली. तर छाननीत त्याचाच अर्ज बाद! उमेदवाराच्या सहीच्या जागी मारुतरावांनीच आपली सही ठोकली होती. (इतक्या वर्षांची सवय, हात आपोआप जात असणार.) सत्यजीत रुसून घरी बसला आणि डमी तेवढी उभी राहिली.

समोर हौसराव होता. सगळी पोरं त्याच्या बाजूची, तरी त्याला मतं फुटण्याची धास्ती. म्हणून मतदानाच्या सकाळी त्याने सगळ्यांना जीपमध्ये कोंबून शपथा घालायला रांजणगावच्या गणपतीला नेलं. शपथा झाल्या, प्रसाद झाला, येताना टायर बसला आणि स्टेपनी काढली तर तीही बसलेलीच. मंडळी चालत कॉलेजात पोचली तेव्हा पेटी बंद झाली होती. इकडे उरलो होतो आम्ही मुली आणि पहिल्या बाकावरचे दोन चष्मेवाले. त्यांनी मला मतं दिली. मी मात्र सत्यजीतला दिलं, चिठ्ठीवर त्याचं नाव नव्हतं म्हणून पेनाने लिहून. (ते बाद झालं. डमीने काय करायचं असतं ते मला कुणी शिकवलंच नव्हतं.) हौसरावने मोठ्या मनाने स्वतःसाठी आणलेला गुलाल माझ्या डोक्यावर ओतला.

मामा, निवडून आल्यावर काय करायचं असतं? मी सरांना विचारलं. सर म्हणाले, मुलांचं म्हणणं आमच्यापर्यंत आणायचं. मी मुलांना विचारलं तर त्यांचं काही म्हणणंच नव्हतं. शेवटी एकीने पाण्याच्या माठाला झाकण नाही असं सांगितलं. ते मी सरांना सांगितलं, तर ते म्हणाले, मुलांना सांग पाणी पिऊन माठावर वही ठेवत जा. ते मी मुलांना सांगितलं. हे झालं माझं आजवरचं कार्य.

आता खरा घोळ. गुलालाने माखलेली मी गावाकडच्या भाड्याच्या जीपमधून उतरले तेव्हा जीपवाला लांबूनच ओरडला, "आबा, पेढं काढा! पोरगी सी.आर. झाली!" आबांना सी.आर. म्हणजे तुमची सेंट्रल रेल्वे, एवढंच ठाऊक. तुमच्या कोटाच्या बटणांवर सी.आर., तुमच्या कंदिलावर सी.आर., मामींच्या न्हाणीतल्या बादलीवरही सी.आर. आबांनी मेंढरं मोजावीत तसं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "म्हंजी तुझ्या बिरदेवमामावानी व्हय? रेल्वेत?" मी तोंड उघडेपर्यंत ते पेढे आणायला गेलेसुद्धा. पेढे वाटून होतायत तोवर पाबळला निरोप गेला होता.

पाबळचं तुम्हाला माहीत आहे. अनसाआत्याने आणलेलं ते स्थळ. दिवाळीत सुपारी फोडायची आणि कॉलेज तिथेच थांबवायचं असं आत्याने आणि पाबळकरांनी ठरवून टाकलं होतं. मला विचारलं नव्हतं, विचारलं असतं तर मी रडले असते. तर आबांनी कळवलं, पोरगी रेल्वेत लागली, कालेज झालं की हजर व्हायचंय, आता एवढ्यात लग्न न्हाई. पाबळकरांना नोकरीवाली सून नको होती, ते गप्प बसले. मी इतकी आनंदले की खरं सांगायचं राहून गेलं, आणि आता तर सांगायची सोयच उरली नाही. गावातली माणसं सोलापूरच्या गाडीला जागा धरून ठेव म्हणतात. मी बरं म्हणते. आबांना फसवलं असं वाटून जेवण गोड लागत नाही, आणि सांगितलं तर पुस्तकं बंद होतील या भीतीने झोप लागत नाही. मी करू काय?

मामींना नमस्कार, आणि तुमच्या गुडघ्याला आराम पडो.

तुमची गोंधळलेली भाची,
हर्षदा

ता.क. : मुख्य सांगायचं राहिलं. अनसाआत्याला संशय आलाय. ती रविवारी दौंडला तुमच्याकडे खात्री करायला येतेय. तिने विचारलं तर पोरगी सी.आर. आहे एवढंच म्हणा. ते खोटं नाही. मीही ती बादली तुमच्याकडे कशी आली हे कधी कुणाला विचारणार नाही.

ता.क. २ : पत्र आबांच्याच हाती टपालात टाकायला देतेय. घरात डिंक नाही, चिकटवायलाही त्यांनाच सांगितलंय. काळजी नसावी. तिसरीतून मेंढरांमागे गेल्यामुळे आबांना जोडाक्षरं वाचता येत नाहीत, म्हणून मी ती मुद्दाम जास्त घातली आहेत.

ता. क. ३ : बिरदेवा, मी भैरू. जोडून लिवलेलं सोडून बाकीचं वाचलं. सी आर मजी वरगाचा पुढारी हे जीपवाला दुसरे दिवशीच बोलला. पन पाबळला नको मनायला मला कायतरी पायजे हुतं, ते आयतं गावलं. आनसा आली की रेलवेचा कोट घालून बस. पोरीला मातूर कळू देऊ नको. घाबरून का हुईना, अभयास बरा करतीय.