दाढेचा कौल

गुंदवली, अंधेरी (पूर्व)
९ जानेवारी १९८४

ती. सौ. मालनताईस,
जयवंतचा शि. सा. नमस्कार वि. वि.

दाढ आईची दुखते आहे आणि डोकं माझं उठलं आहे, म्हणून हे पत्र. डावीकडची, खालची. पंधरा दिवस लवंग झाली, मिठाच्या गुळण्या झाल्या, गाल काही उतरेना. शेवटी शनिवारी खाडा करून तिला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. मुळाशी पू झालाय, काढावीच लागेल, असं ते म्हणाले. खुर्चीत बसवलं, इंजेक्शन भरलं, आणि आई तोंड मिटून बसली. देवाक इचारल्याशिवाय तोंडातला हाड काढूचा नाय, म्हणे. डॉक्टर गुजराती. त्यांना हा प्रकार समजावताना माझी काय वाट लागली ते मलाच ठाऊक. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि देवाचं उत्तर आलं की या म्हणाले.

मी ओरडून पाहिलं, तुझी भावजय प्रेमा हिने गोडीने सांगून पाहिलं. आई पेज पिते आणि पडून राहते. तेव्हा ताई, एवढं कर. तुझ्या दारच्या रवळनाथाला कौल लाव आणि लगेच कळव. माझी दुसरी पाळी चालू आहे, टपाल येतं तेव्हा मी कंपनीत असतो. प्रेमा पत्र फोडून वाचेल आणि आईला घेऊन जाईल. मी आणखी एक खाडा केला तर साहेब मला कायमचा घरी बसवेल.

भावजींना नमस्कार. चिडून लिहिलं असलं तरी तुझा आहे, माया आहे तशीच असू दे.

तुझा,
जयवंत


वरची वाडी, ता. कुडाळ
१७ जानेवारी १९८४

चि. जयवंत यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. देऊळ माझ्या दारात आहे म्हणून देव माझ्या पाटावर जेवायला बसलेला आहे असं तुला वाटतं. कौल सोमवारी लागतो, आणि या सोमवारी मार्तंड गुरव मेहुण्याच्या लग्नाला गेलेला. तो उन्हं कलताना उगवला. तोवर मी सभामंडपात उपाशी. मग त्याने देवाच्या अंगावर दोन्हीकडे पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं, तर पाकळी हलेना. मार्तंड म्हणाला, मुंबयच्या दुखण्याक देवाक इचार करूक लागता. मला राग आला, पण देवासमोर काय बोलणार?

शेवटी देवाने उजवा दिला. आता उशीर करू नका, दाढ काढून टाका. आईला म्हणावं, मालनीने स्वतः डोळ्यांनी पाहिलं आहे. दोन दिवस तिला तिखट देऊ नका.

सौ. प्रेमास आशीर्वाद. तू तापट आहेस, पण आमची आठवण ठेवतोस, ती ठेवत जा.

तुझी,
मालनताई


गुंदवली, अंधेरी (पूर्व)
२५ जानेवारी १९८४

ती. सौ. मालनताईस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

आईची दाढ काढली. चुकीची काढली.

तुझं पत्र प्रेमाने वाचलं. तिचं माहेर घाटावरचं, जन्म घाटकोपरचा. तिला कौल म्हणजे छपरावरचं तेवढंच माहीत. उजवा दिला म्हणजे देव हो म्हणाला, हे तिला कोणी कधी सांगितलंच नाही. मीही नाही. तिला वाटलं, ताईंनी घाईत वेलांटीच्या जागी काना दिला. तिने आईला सांगितलं की देवाने उजवी सांगितली.

आणि आई? जिची डावी ठणकत होती तिने खुर्चीत बसून उजवीकडे बोट दाखवलं. डॉक्टरांनी दोनदा विचारलं, मागच्या वेळी डावी होती ना? आई ठाम. उजवीलाही कीड होतीच, पण ती चांदी भरून टिकली असती. त्या बाजूनेच तर ती चावत होती. आता उजवीकडे खड्डा आणि डावीकडे ठणका.

मी प्रेमाला नको ते बोललो. ती दोन दिवस माझ्याशी बोलत नाही, आणि तिचं बरोबर आहे. आईला खरं सांगायची सोय नाही. तिला कळलं तर ती दुखणं विसरून सुनेच्या मागे लागेल. ती म्हणते, देवान सांगलेली निघाली, आता दुसरी खयची ता परत इचार. देव दाढा निवडून देतो असंच तिने धरलं आहे. आता उजवा आला तर काढायला उजवीकडे काही उरलं नाही, आणि डावा आला तर तो नकार. मी थाप मारून मोकळा झालो असतो, पण तिच्या तोंडाकडे बघून जमत नाही. डॉक्टर म्हणतात, गोळ्या किती दिवस पुरणार, पू गळ्याकडे उतरला तर जिवावर बेतेल. आई दिवसाला वाटीभर पेज घेते. मला भीती वाटते ताई.

पुन्हा कौल लाव. या भावाचा कंटाळा करू नकोस.

तुझा,
जयवंत


वरची वाडी, ता. कुडाळ
३१ जानेवारी १९८४

चि. सौ. प्रेमा हिस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र मुद्दाम तुझ्या नावाने लिहिते आहे. जयवंताने तुझ्यावर राग काढला, त्याबद्दल त्याची मोठी बहीण म्हणून मलाच वाईट वाटतं. चूक झाली असेल तर आमची. तुला सून म्हणून आणलं, सगळे सण शिकवले, आणि उजवा-डावा सांगायचं राहिलं.

काल देवळात गेले होते. मार्तंडाने आईचं नाव घेऊन गाऱ्हाणं घातलं की पार्वतीची दुसरी दाढ काढू काय. या वेळी पाकळी पटकन पडली. डावी. त्याने मान हलवली, नको म्हणाला, आणि पाकळ्या गोळा केल्या. प्रेमा, मी जन्मात कधी कौल मोडला नाही. माझं लग्नसुद्धा कौलावर ठरलं. रात्रभर आईचा सुजलेला गाल डोळ्यांसमोर होता. देवाचा राग आला. मग देवाचा राग आला म्हणून स्वतःचा राग आला.

सकाळी चूल पेटवताना मनात आलं, काढू काय असं मार्तंडाने विचारलं. आईने विचारलं होतं, कोणती. देवाने दोघांपैकी कोणाला उत्तर दिलं, ते मला कुठे कळतं? पाप असेल तर माझ्या माथी, तू मनाला लावून घेऊ नकोस. जयवंताला हे दाखवायचं की नाही ते तूच ठरव.

आईला सांग, मालनीने लिहिलंय, देवाने डावा दिला. आणि तू पहिल्यांदा वाचलंस तसंच वाच. ताईंची घाई, वेलांटीच्या जागी काना पडला, म्हणजे डावी. मग रिक्षा कर आणि तिला घेऊन जा.

तुझ्या पत्राची वाट पाहते. माझ्यावरचा जीव कमी करू नकोस.

तुझी,
मालनताई