दुसऱ्या सीटसाठी दोनशे एकोणऐंशी किलो

मी, रंगराव चिमाजी येळवंडे, वय ६३, निवृत्त फिटर, राहणार मौजे निघोजे, तालुका खेड, जिल्हा पुणे, आज रविवारी सकाळी नऊ वाजता चहा घेऊन, पूर्ण शुद्धीवर आणि भलत्याच आनंदात हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. मुलगी तेजल हिने "आधी मृत्युपत्र, मग विमान" अशी अट घातली आहे खरी, पण ती जन्मापासून अटी घालत आली आहे, त्यामुळे तो दबाव धरू नये.

कलम १. निघोज्यातील राहते घर, मागची पत्र्याची शेड, बँकेतील ठेवी व फंड हे सर्व माझ्या पश्चात माझी पत्नी सुमन हिला मिळावे. तेजल वाकडला स्वतःच्या फ्लॅटमध्ये सुखी आहे आणि तिनेच हे असे लिहायला सांगितले आहे.

कलम २. शेडमध्ये उभे असलेले दोन सीटचे विमानही तिलाच. त्याचे सुटे भाग खोक्यांतून आले, जोडणी आम्ही नवराबायकोने साडेचार वर्षे केली. मी एक सीटचे घेऊ शकलो असतो, ते स्वस्त आणि सोपे होते. पण चौतीस वर्षे मी तिन्ही शिफ्ट केल्या आणि सुमनने एकटीने घर ओढले. वर जायचे तर तिच्यासह, हे मी खोकी उघडण्याआधीच ठरवले होते.

आता हिशोब वाचणाऱ्याने नीट समजून घ्यावा, कारण पुढचे सगळे त्यावर आहे. या विमानाने सर्व मिळून साडेचारशे किलोच उचलायचे. मी ६८, सुमन ७४, पेट्रोल २९. उरले २७९. रिकामे विमान त्याच्या आत बसले तर दोघे, नाहीतर मी एकटा. "तुझे थोडे कमी कर" असे मी एकदाच म्हणालो. त्या आठवड्यात मी भाजी स्वतः केली.

कलम ३. वजनाची वही. ही सुमनच्या हातची आहे. प्रत्येक भाग बसवण्याआधी तिने स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलला आणि लिहिला, अगदी वॉशरसुद्धा. वजन किलोने येत नाही, ग्रॅम ग्रॅम करून घरात शिरते, हे मला तिने शिकवले. जो कोणी असे विमान बांधायला घेईल, त्याला ही वही वाचायला द्यावी. घरी नेऊ देऊ नये.

दिवाळीनंतर चाकणच्या कांदा मार्केटमधून तीन वजनकाटे आणले आणि एकेका चाकाखाली एकेक लावला. तिन्हींची बेरीज २८६.५ आली. वहीतल्या बेरजेपेक्षा बरीच जास्त. सुमनने आकडा लिहिला, खाली वजाबाकी केली, आणि तिच्या सुरेख अक्षरात "जागा एकाची" असे लिहून वही मिटली. "मी मोटारीतनं येते मागनं, तुम्ही व्हा पुढं," म्हणाली आणि कुकर लावायला गेली. मला रडू आले, हे इथे नमूद करतो.

कलम ४. माझी सर्व हत्यारे, ड्रिल, रिव्हेटची बंदूक व मोठा वाईस मित्र सोपानराव कड यांना द्यावा. राग असूनही द्यावा. रागाचे कारण असे. जास्तीचे साडेसात किलो शोधताना मी सुमनची सीट उचलली, तर खाली चार मिलिमीटरची लोखंडी प्लेट. कंपनीने दिलेला पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा गायब. सोपानराव आयुष्यभर ट्रेलरच्या चेसिस जोडत आले. तुटू नये म्हणून एक पट्टी जास्त मारायची, ही त्यांची जन्माची सवय. मी दवाखान्यात असताना त्यांनी गुपचूप ते केले होते.

मी विचारले, तर म्हणाले, "वैनी बसनार हाय तिथं. त्या पापडावर बसवू व्हय तिला? काय झालं म्हंजे?"

म्हणजे सुमनला विमानातून उतरवले ते तिच्याविषयीच्या काळजीनेच. मी महिनाभर त्यांच्याशी बोललो नाही. ते मात्र रोज येऊन विमानाचा रंग घासत बसले.

कलम ५. तो रंग माझे मेहुणे रोहिदास गोरे यांचा. ते टेम्पो रंगवतात. त्यांनी आम्हाला चकित करायला पुट्टी भरून, टेम्पोच्या रंगाचे तीन हात मारून, वर वेलबुट्टी काढली. झालो चकित. त्यांना माझे मनगटी घड्याळ द्यावे आणि विमानाजवळ ब्रश घेऊन येऊ देऊ नये. पितळी गणपतीही त्यांचाच. तो साडेसहाशे ग्रॅमचा देव आता देव्हाऱ्यात आहे आणि विमानात त्याचा कागदी फोटो आहे.

वजन उतरवताना एक नियम पाळला: कंपनीने दिलेले काही काढायचे नाही, फक्त आपण घातलेले काढायचे. पत्रा परत आपल्या जागी गेला. घासून उडालेल्या रंगाचे वजन मात्र वहीत धरता येत नाही, त्यामुळे आज खरा आकडा किती हे कोणालाच ठाऊक नाही.

काटे घेऊन टेम्पो दारात आला आहे. लिखाण थांबवतो.

दुपारी सव्वातीन. पुढे लिहितो. सकाळइतकाच शुद्धीवर आहे, आनंद मात्र जास्त. सुमनने तिन्ही काटे दोन-दोनदा वाचले. बेरीज २७८.४.

सोपानराव शेडच्या दारातच खाली बसले. महिन्यानंतर मी त्यांच्याशी पहिले वाक्य बोललो, "उठा, चहा घ्या." सुमन म्हणाली, "सहाशे ग्रॅम उरले. पोळ्या पातळ लाटते, डबा बसेल."

कलम ६. पहिले चाळीस तास विमान मी एकटाच उडवून तपासणार. तसा नियम आहे. त्यानंतर सुमन शेजारी बसेल. हे तिला सांगितल्यावर तिने हे कागद मागून घेतले, उभ्याने वाचले आणि कलम एकवर बोट ठेवले. "तुमच्या पश्चात सुमन, असं काय लिहिलंय? मी काय खाली उभी असणार आहे का?"

तिचे म्हणणे बरोबर आहे. सबब एक्केचाळिसाव्या तासापासून कलम एकमधील सर्व मिळकत व कलम दोनमधील विमान तेजलच्या नावे समजावे.

लिहून ठेवणार: रंगराव चिमाजी येळवंडे (सही)

साक्षीदार, ज्यांना यातून काहीही मिळणार नाही:
१. समाधान बोऱ्हाडे, शेजारी (सही)
२. यशोदाबाई कुऱ्हाडे, निवृत्त शिक्षिका (सही)

वरील मजकूर वाचला. मान्य. मी खिडकीच्या बाजूला बसणार.
सुमन रंगराव येळवंडे (सही)

ठिकाण: निघोजे
दिनांक: १४ डिसेंबर २०२५