होळीवर गेलेला सांगाडा

१० मार्च २००१, शनि. धुळवड

आज सकाळी ह्यांनी होळीची राख आणून माझ्या कपाळाला लावली. दरवर्षी लावतात. यंदाच्या राखेत त्यांनी स्वतः केलेल्या गाडीचा सांगाडा होता, आणि तो होळीवर मी पाठवला होता. हे कुणाला सांगायची हिंमत नाही म्हणून लिहिते आहे.

लावताना म्हणाले, "डोळे मीट, जाईल डोळ्यात."

मिटले.

११ मार्च, रवि.

नीट क्रमाने लिहायला हवं.

गेल्या वर्षी हे बिरवाडीच्या कारखान्यातून निवृत्त झाले. स्टोअरला होते. चार महिने ओटीवर नुसते बसून काढले. जानेवारीत एके दिवशी मागच्या पडवीत ठोकाठोकी ऐकू आली. बेरिंगची गाडी. पोरं करतात तीच. लाकडाचा सांगाडा, खाली चाकांच्या जागी जुनी बेरिंगं, पुढची दांडी एका बोल्टवर फिरती, तिला दोरी. उतारावर न्यायची, बसायचं, सोडून द्यायची.

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी. आमच्या वाडीला उतार लय, पण रस्ता एक नव्हता. एकदा शाळेच्या उतारावरून जायचंय."

साठीला आलेला माणूस. मी म्हटलं, लोक काय म्हणतील? ते म्हणाले, "बाजूला व्हा म्हणेन त्यांना."

परवाच्या गुरुवारी स्टाफरूममध्ये शिंदे सर: "बाई, साहेबांनी लायसन काढलं का हो?" सगळे हसले. शिपाईसुद्धा. मीही हसले. मुख्याध्यापिकेने हसण्यावारी न्यावं, तसं.

घरी आले तर हे बाजारात गेलेले. दारात होळीची पोरं. "बाई, लाकूड द्या ना." एरवी मी त्यांना ढलपीही देत नाही. त्या दिवशी पडवीकडे बोट केलं. एक जण थबकला. "बाई, ती काकांची गाडी ना?"

"सांगितलं तेवढं कर." शाळेतला आवाज.

दोघांनी पुढून, दोघांनी मागून सांगाडा धरला आणि ओरडत नेला. बेरिंगं तेवढी राहिली. ती अजून बसवायची होती, रॉकेलच्या डब्यात भिजत पडली होती.

हे आले, रिकामी पडवी पाहिली. "पोरांनी नेली वाटतं. शिमगाय. उघड्यावर ठेवली, माझीच चूक." शिमग्यात पोरं लाकूड पळवतात, त्याची कुणी तक्रार करत नाही. मला तोंड उघडावंच लागलं नाही. मी भाजी निवडत होते. निवडत राहिले.

शुक्रवारी दिवसभर सांगाडा मैदानात ढिगावर वरच्या बाजूलाच होता. हे पाहून आले. काढून आणला नाही. म्हणाले, "होळीवर चढलं ते तिचं." संध्याकाळी तिथेच नारळ टाकला.

१४ मार्च, बुध.

पुढची दांडी ज्या बोल्टवर फिरायची तो ह्यांनी राखेतून शोधून आणलाय. निरोपाच्या दिवशी कारखान्याच्या साहेबांनी शाल-नारळ दिला, फिटर मंडळींनी हा बोल्ट. लेथवर मुद्दाम काढून दिलेला. आता काळानिळा पडलाय. ओटीच्या खिडकीत ठेवलाय. रोज झाडताना उचलावा लागतो. आज त्याच्याभोवतीनं झाडलं.

रफिकभाई गॅरेजवाले येऊन गेले. बेरिंगं त्यांनीच दिलेली.

"काय साहेब, गाडी कधी उडवताय? माझा पोरगा विचारतोय."

"होळीत उडाली."

रफिकभाई खूप हसले. हेही हसले. मी चहा ठेवायला आत गेले आणि साखर घालायची विसरले.

१८ मार्च, रवि.

ह्यांना कालच सांगायचं ठरवलं होतं. जेवताना सांगीन, मग जेवण झाल्यावर, मग वर्तमानपत्र वाचून झाल्यावर. शाळेत एखादी मुलगी अशी चुळबुळ करत उभी राहिली तर मी तिला काय बोलते ते मला ठाऊक आहे.

सांगितलं नाही. त्याऐवजी आळीच्या टोकाला दगडू मेस्त्रींकडे गेले. माळ्यावरच्या आंब्याच्या फळ्या त्यांच्याकडे पाठवल्या आहेत. मेस्त्री म्हणाले, नवा सांगाडा दोन दिवसात करून देतो.

"तुम्ही करायचं नाही. मी करणार. दाखवा."

मेस्त्रींनी कानावरची पेन्सिल काढली, माझ्याकडे पाहिलं, परत कानावर ठेवली.

२१ मार्च, बुध.

शाळा सुटल्यावर तासभर. "बाई, करवत हाय ती, छडी नाय. दाबू नका." पहिली फळी तिरकी गेली. दुसरी त्याहून. तळहाताला दोन फोड. घरी सांगितलं, खडूने हात उलले. पुन्हा खोटं. किती सहज येतं.

बी.ए.ला तर्कशास्त्रात पहिली आले होते. काटकोनात दोन लाकडं जोडता येत नाहीत.

२४ मार्च, शनि.

मेस्त्री रंधा मारता मारता म्हणाले, "आमचा पुतण्या होता ना त्या पोरांत. बाईंनीच दिली म्हणत होता."

"आणखी कुणाला माहीत आहे?"

"आळीत कुणाला नाय ते विचारा."

"ह्यांना?"

मेस्त्रींनी भुसा फुंकला. "फळी उलटी धरलीत, बाई."

घरी येताना पाहिलं, पोरं क्रिकेट थांबवून मला वाट देतात. आजवर वाटत होतं आदराने.

जेवताना ह्यांच्याकडे पाहत राहिले. आमटीत मीठ कमी होतं. काही बोलले नाहीत. कधीच बोलत नाहीत. तेव्हा त्यावरून काही ठरवता येत नाही.

२७ मार्च, मंगळ.

सांगाडा उभा राहिला. मेस्त्री वर उभे राहिले, डुलला नाही. आता पुढच्या दांडीला भोक पाडायचं, आणि त्यात तो बोल्ट हवा. बाजारातला दुसरा बसेल की, असं मेस्त्री म्हणाले. नको म्हटलं.

पण तो त्यांच्या खिडकीत आहे. तो न मागता सांगाडा पुरा होत नाही, आणि मागायचा तर आधी सगळं सांगावं लागेल. गुपचूप उचलला तर दुसऱ्यांदा तेच.

सकाळी हे आंघोळीला गेल्यावर बोल्ट कागदावर उभा ठेवला, भोवती पेन्सिल फिरवली, जागच्या जागी ठेवला. कागदावर काजळीचा ठिपका उमटला.

२९ मार्च, गुरु.

हे जेवताना: "रविवारी बेरिंगं रफिकला परत देऊन टाकतो. पडून गंजतील."

"दुसरी करा ना."

"नाय. झाली हौस."

इतकंच. उठून हात धुतले. मला रविवारची मुदत पडली.

३१ मार्च, शनि.

मेस्त्रींच्या गिरमिटाने भोक पाडलं. त्यांनी धरू का विचारलं, नको म्हटलं. कागदावरचं वर्तुळ लावून पाहिलं, बसतं.

उद्या काय बोलायचं ते पाच वाक्यांत लिहून काढलं. वाचलं, फाडलं. परिपत्रक वाटत होतं.

१ एप्रिल, रवि.

सकाळी नऊला मेस्त्रींकडून सांगाडा उचलून आळीतून आणला. जड आहे. सगळे दारात. एक पोरगा पुढे आला, "बाई, धरू?" त्या दिवशी थबकला होता तोच. "नको," म्हटलं. मग थांबून, "तुझं बरोबर होतं." तो गोंधळला.

हे ओटीवर. चपला घातलेल्या, बेरिंगं पिशवीत. सांगाडा त्यांच्या पायाशी ठेवला.

"पोरांनी पळवली नव्हती. मी दिली. शाळेत लोक हसले म्हणून."

हे खाली बसले, सांगाडा उलटा केला. सांध्यांवरून अंगठा फिरवला. एक डोळा मिटून भोकातून माझ्याकडे पाहिलं.

"भोक मधोमध नाय."

"किती चुकलं?"

"बोटभर. डावीकडं ओढेल." मग माझा तळहात धरून फोड पाहिले. "खडू होय."

उठले. खिडकीतला बोल्ट घेतला. वाटलं, आता बसवतील. शर्टाच्या खिशात टाकला, पिशवी उचलली, गेले. रफिकभाईंकडे. बेरिंगं परत द्यायला की आणखी कशाला, विचारलं नाही. विचारायचा अधिकार आज माझा नव्हता.

बारा वाजले. अजून आलेले नाहीत. पान वाढायचं थांबवलं आहे. सवयीने नोंद करते:

दिलं: सांगाडा एक. आंब्याच्या फळ्या तीन, ऐनाच्या दांड्या दोन, पुढची फिरती. स्क्रू अठरा, पैकी चार तिरके. भोक एक, बोटभर डावीकडे. हातात दिलं नाही, पायाशी ठेवलं.

पोच मिळालेली नाही.