एका ओळीचा शेरा

प्रिय छोटे,

वहिनीच्या हातात माझं पत्र बघून तू कपाळाला हात लावला असशील. दादाला एवढ्या वर्षांनी कंठ फुटला कुठून, म्हणशील. हसलीस तर बरंच, पुढचं वाचणं सोपं जाईल.

काल संध्याकाळी तुझी वाईनची बाटली उघडली. इथली वाईन कारखान्यातली नोकरी सोडताना माझ्या टेबलावर ठेवून गेली होतीस तीच, गळ्यात चिठ्ठी बांधलेली: 'बारा वर्षांनी'. बूच अर्ध्यावर तुटलं, मी दोन शिव्या घातल्या, वहिनीने चहाच्या गाळणीतून ओतली. रंग कडेला विटकरी झालाय, मधे अजून काळाभोर. आधी सुक्या आलुबुखाराचा वास आला, मग मिरीचा, मग जुन्या चामडी पट्ट्याचा. तुरटपणा आहे, पण आता टोचत नाही, सगळ्या चवीला धरून ठेवतो. आंबटपणा अजून ताजा. आणखी दहा वर्षं सहज काढली असती. वहिनीला वाईनमधलं ओ की ठो कळत नाही, तिनेही पेला पुन्हा पुढे केला.

आणि याच वाईनबद्दल मी तेव्हा नोंदवहीत लिहिलं होतं: 'नुसती तुरट. फळ नाही. टिकणार नाही.'

तू द्राक्षांची सालं रसात सगळ्यांपेक्षा दहा दिवस जास्त ठेवली होतीस. मालक कुरकुरले. पिंपं बांधणारे काका चेष्टा करायचे, पोरगी चामडं कमावतेय म्हणून. तू म्हणायचीस, आज कडक लागेल, पण हिचा बांधा पक्का आहे, थांबा जरा. मग सगळे माझ्याकडे बघायचे. चव ठरवणारा मी, सगळ्यांचा 'नाकसाहेब'. माझ्या एका शेऱ्यावर तुझी सहा पिंपं रोजच्या स्वस्त वाईनमध्ये ओतली गेली; उरली ती तू आधीच भरून ठेवलेली ही एक बाटली. सख्ख्या भावानेच नाही म्हटल्यावर तू वाद तरी कुणाशी घालणार? आता शाळेत रसायनशास्त्र शिकवतेस, आणि आईने विचारलं की सांगतेस, तळघरातली थंडी सोसत नव्हती.

छोटे, त्या दिवशी माझं नाक बंद होतं. साधी सर्दी. नाक बंद असलं की जिभेला तुरट-आंबट तेवढं कळतं, फळ कळतच नाही. हे पहिल्या वर्षी मीच तुला शिकवलं होतं. तपासणी चार दिवस पुढे ढकला, एवढंच म्हणायचं होतं. पण नाकसाहेबांचंच नाक बंद म्हणून सगळे हसतील, याची मला लाज वाटली. बघ, लाज कशाची वाटली!

इथवर चूक म्हणून खपलं असतं. पण पाचव्या दिवशी नाक सुटलं, आणि नमुन्याच्या बाटलीत तळाशी उरलेली तुझी वाईन मी हुंगली. सगळं कळलं. पिंपं तेव्हा तळघरातच होती, दुपारी ओतायची होती. मी ती बाटली विसळून ठेवली आणि जेवायला गेलो. तुझ्यासमोरच बसलो, तू माझ्याकडे मीठ सरकवलंस. हे आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. आज सकाळी सगळ्यांसमोर मालकांना सांगितलं आणि नोंदवहीतला तो शेरा खोडून खाली खरं काय ते लिहिलं. माफी मागायला मला तोंड नाही. उरलेली वाईन वहिनीच्या पिशवीत आहे, छोट्या बाटलीत काठोकाठ भरून, गळ्यात तुझी तीच चिठ्ठी बांधून. आपली वाईन पिकल्यावर कशी लागते हे तुला अजून माहीतच नाही. आधी ती चाख. मग त्या चिठ्ठीच्या मागे माझ्याबद्दलचा शेरा लिहून पाठव. एक ओळ पुरे.

तुझाच,
दादा