उजवा कान

प्रिय आलेइत,

हे पत्र तुझ्या बाबांच्या हाती पडलं तर थेट चुलीत जाईल, म्हणून वाउटरला बजावलंय, तिच्याच हातात दे. वाउटर आमचा ढोलवाला. शरण या, असं शेवटचं सांगायला तो उद्या सकाळी पांढरं निशाण घेऊन तुमच्या वेशीत येईल. अक्षराला हसू नकोस, खंदकात गुडघ्यावर कागद ठेवून लिहितोय.

लायडनचं कॉलेज अर्धवट टाकून मी तुझ्यासाठी तुमच्या गावात आलो, तेव्हा तुझे बाबा मनोऱ्यातून ओरडले होते, "ना पदवी, ना धंदा! माझ्या घंटेच्या दोराला लटकणार का रे जन्मभर?" डोकं फिरलं माझं. तडक जाऊन तोफखान्यात नाव घातलं. म्हटलं, धंदा हवा ना, हा घ्या! हाच तोफखाना फिरत फिरत तुमच्याच तटासमोर ठाण मांडेल, हे मला कुठल्या गणितात दिसणार होतं?

इथे माणसं रग्गड आहेत, पण बोलावंसं वाटेल असं कुणी नाही. नागमोडी खंदक रोज थोडा थोडा तुमच्याकडे सरकतो. आम्ही मातीने भरलेल्या टोपल्यांआड बसून खारा हेरिंग मासा आणि ओली पाव-भाकर खातो. तोफ तापली की शिर्क्याच्या पाण्याने तिला निववायची, पुन्हा भरायची. तुझ्या इतक्या जवळ मी तोफखान्यात शिरल्यापासून कधी नव्हतो, आणि इतका लांबही. तुमच्या स्वयंपाकघराचा धूर दिसायचा. परवापासून तोही दिसत नाही.

सगळ्यात जास्त सलते ती संध्याकाळची घंटा. ती वाजली की तू जिन्यावरून धावत यायचीस, पिठाचे हात पुसत. आता तुमचा मनोरा मुका आहे. का, ते तुझ्या बाबांना चांगलं ठाऊक आहे. लढाईचा दंडकच आहे: वेढ्यात पहिला गोळा सुटल्यानंतर गावात एक जरी घंटा वाजली, तरी गाव पडल्यावर सगळ्या घंटा तोफखान्याच्या. वितळवून त्यांच्या तोफा ओततात. आमचा मुख्य गोलंदाज लांबेर्त रोज मनोऱ्याकडे बघून म्हणतो, "वाज गं बाई, एकदा तरी वाज! जावयासारखा वाट बघतोय!" सगळे हसतात. मी हसत नाही, म्हणून मला टोमणे. आणि कानात मेण-लोकर कोंबतो म्हणून आणखी टोमणे. "पंडिताला आवाज सोसत नाही, पाळण्यात निजवा त्याला!" परवा एकाच्या थोबाडीत दिली मी. बोलू देत. डावा कान गेलाच माझा, आलेइत. आधी नुसता गुणगुणायचा, आता त्या बाजूने वाउटरचा ढोलही ऐकू येत नाही. उजवा तेवढा जपलाय.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. जड तोफा आज तुमच्या पाण्याच्या खंदकाच्या काठावर आणल्या. खिंडार पाडायचंय पूर्वेच्या बुरुजाला. जो गोळा जरा वर जाईल, तो तुमच्या गल्लीत पडेल. माझ्या हातचाही. पत्र मिळताच बाबांना घेऊन नदीकडच्या मठाच्या तळघरात जा. ते ऐकणार नाहीत, ओढत ने. तुमचं गाव शरण येतं का, या उत्तराची वाट बघत उद्या दुपारपर्यंत तोफा गप्प राहतील. निघण्याआधी धाकट्या घंटेचा एक टोला दे, लहानपणी दोराला लोंबकळून द्यायचीस तसा. घंटा जाईल, सगळ्याच जातील. बाबा मला मरेपर्यंत शिव्या घालतील, घालू देत. तू आहेस आणि निघालीस, एवढं मला कळू दे. सकाळपासून मेण काढून, उजवा कान तुमच्या मनोऱ्याकडे करून उभा राहीन. काहीच ऐकू आलं नाही, तर हाही कान गेला असंच मी समजेन. दुसरं काही समजायची माझी तयारी नाही.

तटापलीकडचा, तरीही तुझाच,
फ्लोरिस