न लावलेला हात

सोनपेठ,
रविवार, ८ फेब्रुवारी १९८७

ती. सौ. कमलअक्काला मनकर्णाचा वाकून नमस्कार. दाजींना नमस्कार सांग, गीताला पोटभर आशीर्वाद. आम्ही दोघं इकडं खुशाल आहोत. तुमची खुशाली तुझ्या पत्रातून कळली, आणि तुझा राग पण कळला.

केवढा गं राग! "डॉक्टरीणबाईला वालूरची धूळ चालत नसेल तर तसं कळव, हळदीचा पाट दुसऱ्या कुणाला देऊ." वाचून आधी हसू आलं, मग डोळ्यांत पाणी. अगं, गीताची मी एकुलती एक मावशी. तिच्या लग्नाला येणार नाही असं मी म्हटलं का? हळदीला जमणार नाही, अक्षतांना उभी राहीन, एवढंच लिहिलं होतं. ह्यांना दवाखाना सोडवत नाही, असं कारण दिलं होतं. ते कारण खोटं होतं. खरं कारण आज लिहायलाच बसलेय, पण आधी थोडं इकडचं सांगू दे. तुझ्यासारखी धाडकन विहिरीत उडी मला कधी जमली नाही, ठाऊक आहे तुला.

यंदा ज्वारी बरी आली म्हणतात. तुरीची डाळ चांगली निघाली आहे, तुझ्यासाठी बाजूला काढलीय. आणि ह्यांना म्हातारपणी शाळेचं वेड लागलंय. मुंबईच्या एका संस्थेचा टपाली अभ्यासक्रम धरलाय, कातडीच्या रोगांचा. आमच्या ह्यांच्यासारख्या गावोगावच्या साध्या डॉक्टरांनी घर न सोडता शिकायचं. रजिस्टर टपालानं पुडकं येतं. त्यात पुस्तिका, प्रश्न आणि रंगीत स्लाइडी, म्हणजे पुठ्ठ्याच्या चौकटीतले इवले फोटो, उजेडाकडं धरून बघायचे. उत्तरं लिहून पाठवली की तिकडचे सर लाल शाईनं तपासून परत पाठवतात. मागं नामांतराच्या मोर्च्यांमुळं एसटी बंद होत्या, पुडकं परभणीला अडकलं, तर ह्यांच्या पोस्टात इतक्या खेपा झाल्या की पोस्टमास्तरांनी चहा विचारायचं सोडलं.

अभ्यास असा अंगात भिनलाय की काय सांगू! परवा एका पंगतीत वाढपी भात घेऊन आला, तर ह्यांनी त्याचं कोपर धरलं आणि विचारलं, "हे कधीपासून आहे?" तो बिचारा भाताचं भांडं घेऊन तसाच उभा.

त्या स्लाइडी मला सुरुवातीला बघवत नव्हत्या. सगळ्यांच्या डोळ्यांवर काळी पट्टी. ओळख लागू नये म्हणून लावतात म्हणे. पण अक्का, डोळे झाकलेलं माणूस उलट आपल्याकडंच बघतंय असं वाटतं.

आता मुद्द्याचं. इथल्या बायका डॉक्टरपुढं पाठ उघडी करतील का? मेल्या तरी नाही. आणि अभ्यासक्रमात तर सांगितलंय की कातडी बघायची ती दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी, नीट उघडी करून. मग ह्यांनी तोड काढली. खिडकीपाशी पडदा लावला, पडद्याआड मी आणि बाहेर हे. मी बघायचं, मी हात लावायचा, काय दिसतं ते ओरडून सांगायचं. हे बाहेर बसून लिहून घेणार. शिक्षण ह्यांचं आणि हात माझे, अशी आमची डॉक्टरकी सुरू झाली. खरं सांगते, मला ते आवडायला लागलं होतं.

त्यात एक तपासणी असते. अंगावर फिकट डाग असला की बाईला डोळे मिटायला सांगायचं. कापसाला पीळ देऊन टोक काढायचं, ते कातडीला नुसतं टेकवायचं, आणि जिथं टेकलं तिथं बाईनं बोट ठेवायचं. बाकी अंगावर कळलं आणि डागावर कळलं नाही, तर शंका धरायची. कसली शंका ते तुला सांगायला नको. आपल्या घरात तो शब्द कुणी उच्चारत नव्हतं.

दिवाळीनंतर कासाबाई आली. मेंढ्या राखणाऱ्या घरातली, उन्हानं रापलेली, हसरी बाई. दंडाच्या मागं डाग होता. मी डोळे मिटायला लावले. मनगटाला कापूस टेकवला, तिनं बरोबर बोट ठेवलं. कोपराला टेकवला, बरोबर. डागावर टेकवला, तर ती गप्पच. पुन्हा टेकवला, तरी गप्प. मला वाईट वाटलं. कापूस मांडीवर ठेवला आणि ह्यांना कसं सांगावं त्याचा विचार करत बसले.

तेवढ्यात कासाबाईनं हात मागं नेऊन बरोबर डागावर बोट ठेवलं.

"हितं," म्हणाली.

माझे दोन्ही हात माझ्या मांडीवर होते.

थोड्या वेळानं पुन्हा, "हितं." मग डोळे मिटलेलेच ठेवून हसली आणि म्हणाली, "बाई, तुमची बोटं अशी वाकडी का वो? सांधं लागायलेत."

मी म्हटलं, "कासाबाई, मी हात लावलेलाच नाही."

"न्हाई कसं? आत्ताच तर कुरवाळलं की. लय मायेनं."

भर दुपार होती गं. खिडकीतून ऊन आत आलेलं, बाहेर बाजाराचा गलका. तिच्या मागं मी आणि माझ्या मागं भिंत. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "नसांचा रोग आहे, नसा खोटं सांगतात." आणि कासाबाईला गोळ्या सुरू केल्या. हा रोग आता बरा होतो, हे ते तिला इतक्यांदा सांगत होते की शेवटी ती म्हणाली, "डॉक्टर, कळलं मला, आता घरी जाऊ द्या."

मग सगुणाबाई. तिच्या कमरेला डाग. तेच झालं. कापूस लावला तर कळेना, काढला तर म्हणते, हात थंड आहे बाई तुमचा. डाग नसलेल्या, नुसत्या खरजेच्या आणि नायट्याच्या कितीतरी बायका त्याच पाटावर बसून गेल्या. त्यांना काही नाही. ज्यांना तो रोग, त्यांनाच हात.

ह्यांनी प्रश्नपत्रिकेच्या उत्तरात हे सगळं प्रामाणिकपणे लिहून पाठवलं. सरांचा लाल शाईत शेरा आला, "तपासणी करताना रुग्णाच्या मागे तपासणाऱ्याखेरीज कुणालाही उभे राहू देऊ नये." वाचून हे खूप हसले. मला हसू आलं नाही.

संक्रांतीच्या सुमाराला मी ओसरीत तीळ निवडायला बसले होते. पाठीवर, उजव्या खांद्याच्या जरा मागं, कुणीतरी हात फिरवला. बोटांच्या टोकांनी नाही, अक्का. मिटलेल्या बोटांच्या सांध्यांनी. वरून खाली, सावकाश. मी वळून बघितलं नाही. बघायचं धाडसच झालं नाही. दुसऱ्या दिवशी पाणी भरताना तीच जागा. मग न्हाताना.

पडद्याआड पाटावर मी बसले आणि ह्यांना म्हटलं, आज तुम्ही आत या. ते हसत आत आले. लुगडं खांद्यावरून सरकवलं तसं त्यांचं हसू थांबलं. मी डोळे मिटले. कितीतरी वेळ काही होईना, म्हणून म्हटलं, "लावा ना कापूस."

"केव्हाचा लावतोय मनू," हे म्हणाले.

लग्नानंतर इतक्या वर्षांनी ह्यांच्या तोंडून पहिल्यांदा मनू ऐकलं, तेही असं. मग तो हात आला. मी बोट ठेवलं. डोळे उघडून बघते तर हे खिडकीपाशी, माझ्याकडं पाठ करून उभे, चष्मा काढून डोळे पुसायलेत.

तर हे खरं कारण. आपल्या घरची रीत, नवरीच्या आधी मावशीला पाटावर बसवून उघड्या पाठीला तेल-हळद चोळायची, सगळ्या सोयऱ्या बायकांसमोर. माझी पाठ कुणी बघितली, नुसती कुजबूज झाली, तरी गीताचं ठरलेलं मोडेल. व्याह्यांकडं बातमी जायला कितीसा वेळ? म्हणून मी नको म्हटलं. मी गोळ्या घ्यायलेय. हे म्हणतात, पहिला डोस पोटात गेला की माझ्यापासून कुणाला भीती नाही, आणि डाग लहान आहे, बोटं-बिटं काही जायची नाहीत. मी रोज रात्री रडत होते, आता रडत नाही.

ह्यांनी गोळ्या देण्याआधी पुस्तिकेतला प्रश्न विचारला होता. लहानपणी घरात कुणाला होता का, कुणाजवळ झोपायचीस? मी म्हटलं, कुणाला नव्हता, अक्काजवळ झोपायचे.

अक्का, आपण दोघी कुणाच्या कुशीत झोपायचो, ते तू सांग आता. तू थोरली, तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असणार. चांगुणाआत्याची बोटं जातं ओढून ओढून वाकडी झाली, असं दादा म्हणायचे. ती मधे, तू एकीकडं, मी एकीकडं. तिला बोटं सरळ करता येत नव्हती, म्हणून ती सांध्यांनी आपली पाठ कुरवाळायची. एके दिवशी सकाळी उठलो तर आत्या नव्हती, दारातली बैलगाडी नव्हती. काशीला गेली, दादा म्हणाले. इतकी देवभोळी बाई आपली पोथी पण न घेता काशीला कशी गेली, हे विचारलं म्हणून आईनं तुझ्या तोंडावर हात ठेवला होता. त्यानंतर तिचं नाव नाही, श्राद्ध नाही, काही नाही. कुठं टाकली असेल गं तिला? कोण होतं तिच्याजवळ? सख्ख्या बहिणीला असं टाकलं म्हणून मला दादांचा इतका राग येतोय, आणि ते आता रागवायला पण उरले नाहीत.

मी ह्यांना काल सगळं सांगितलं. हे पहिल्यांदा "नसा" म्हणाले नाहीत. नुसतं विचारलं, "तुझ्या अक्कांना कुणी तपासलंय?"

आता जे लिहायचं ते लिहिते. गेले चार दिवस हेच टाळत होते.

दिवाळीत गीता माझ्याकडं आली होती ना? अंगणात पाठमोरी बसून रांगोळी काढत होती. मी पार तिकडं तुळशीपाशी, हात पिठात. आणि ही पोरगी मान वाकडी करून खुदकन हसली आणि म्हणाली, "मावशी, पुरे ना गं, किती कुरवाळशील? गुदगुल्या व्हायल्यात." तेव्हा कासाबाई आलेली नव्हती. तेव्हा मला काहीच ठाऊक नव्हतं. पोरगी काहीबाही बोलते म्हणून मी पण हसले. आता तिचा तो आवाज माझ्या कानातून जात नाही.

घाबरू नकोस. घाबरलीस तरी ओरडू नकोस, दाजींना ऐकू जाईल. आम्ही दोघं गुरुवारी पहिल्या गाडीनं येतोय. हळदीला अजून अवकाश आहे. लोकांना सांग, मावशी आठवडाभर आधी आली, कामाला हात पाहिजे म्हणून. हे गोळ्या बरोबर आणतायत, तुझ्यासाठी पण आणि तिच्यासाठी पण. लागल्या तर लागल्या. लग्न मोडणार नाही. पोरीला काशीला पाठवायचे दिवस मी येऊ देणार नाही, माझ्या अंगात जीव आहे तोवर.

पण गुरुवारपर्यंत मला दम निघणार नाही, आणि तुलाही निघणार नाही. म्हणून हे पत्र मिळालं की लगेच, दुपारी घरात कुणी नसताना गीताला उजेडात पाठमोरी बसव. वेणी घालते म्हण. डोळे मिटायला सांग. म्हण, मी जिथं हात लावीन तिथं बोट ठेव.

आणि हात लावू नकोस. दोन्ही हात स्वतःच्या मांडीवर ठेव आणि नुसती बैस.

तिनं बोट ठेवलंच, तर मागं वळून बघू नकोस. पोरीला सांग, भिऊ नको, आपल्या घरातलीच आहे.

तुझी, आणि चांगुणाआत्याची,
मनी