तेवीस अंशांची खोली

३ तारीख, सोमवार
आजपासून रोजनिशी. मी बोलते, मोबाईल लिहितो. वाचणारं कुणी नाही. मला स्वतःलाही वाचता येत नाही, तेव्हा गुपित पक्कं.
संकल्प: सुनेच्या कामात नाक खुपसायचं नाही.
तिने माझी खोली घेतली आहे. मोबाईलच्या टॉवरवाल्यांचा मायक्रोवेव्ह पॉवर मीटर आलाय, टॉवरमधून किती जोर बाहेर पडतो ते सांगणारा. त्याचं कॅलिब्रेशन. म्हणजे मोजणाऱ्यालाच मोजायचं. घरात ऊन न येणारी खोली माझीच. काम जमलं तर तिथे कायमची लॅब, नाही जमलं तर माझी मला परत. म्हटलं, माझी काहीच हरकत नाही. सोफ्यावर झोपते. सोफ्याला मुलाच्या मोज्यांचा वास.

४, मंगळवार
शी. खोलीत स्पिरिटचा भपकारा, पलंगावर केबलची वेटोळी. एसी तेवीसवर, ना कमी ना जास्त. इतकी मर्जी जन्मात कुणी माझी राखली नाही.
सून म्हणते, मीटरचा सेन्सर मुळात थोडं कमी सांगतो. किती कमी, ते आकडे त्याच्याच डोक्यात साठवलेले. मीटर तेवढी भर घालून खरं दाखवतो. आता ते जुने आकडे पुसून नव्याने मोजायचं. तिचे हात पान्यात अडकलेले. म्हणाली, "आई, डावं बटण दाबा, जुनं पुसलं जाईल. उजवं नको, त्याने तसंच राहतं."
पुसायचं? इतक्या वर्षांचा अनुभव? मी उजवं दाबलं. तिने विचारलं, दाबलं का. दाबलं म्हटलं. खोटं मी बोलत नाही. आणि ही ढवळाढवळ नव्हे, तिनेच बोलावलं होतं.

५, बुधवार
रीडिंग चुकलं. सगळीकडे जास्तच. फार वाईट वाटलं. चहाला मात्र आज चव होती.

६, गुरुवार
पुन्हा चूक. सुनेने केबल बदलल्या, टोकं पुसली, मला म्हणाली चमचा वाजवू नका. नाचता येईना, अंगण वाकडं. समजावलं तिला, बाई गं, खोलीचाच गुण तो, तिथे माझंही कधी धड झालं नाही.
संकल्प: खोली परत मिळाल्यावर टोमणा मारायचा नाही. एखादाच.

७, शुक्रवार
तिसऱ्यांदा तीच चूक. सून जेवली नाही. मी माझं गाठोडं बांधून दाराशी ठेवलं. उद्या टॉवरवाल्यांचा इंजिनिअर येतोय.

८, शनिवार
आला. घामट, बुटांसकट आत. कागद बघून विचारतो, साठवलेले आकडे आधी पुसले होते ना? नाहीतर भर दोनदा पडते. सुनेने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे. तिने स्वतः डावं बटण दाबून पुन्हा मोजलं. सगळं बरोबर.
तरी आशा सोडली नव्हती. एवढे दिवस वाया घालवणारीला काम कोण देतं?
तर मेला म्हणतो, "चूक केलीत, पण रोज तीच. केसभरही फरक नाही. इतकी स्थिर खोली आमच्याकडेही नाही. यापुढे सगळे मीटर इथेच."
सून म्हणाली, "सगळी आईंची कृपा." तोंड अगदी सरळ ठेवून.

९, रविवार
दारावर पाटी लागली. मुलाने वाचून दाखवली: परवानगीशिवाय आत येऊ नये. म्हटलं, अरे, माझा पलंग आहे आत. होता, म्हणाला.
गॅलरीत टाकलाय. ऊन भरपूर.